डॅनिश बाईची माफी

गुरु. ८ फेब्रु.

डॅनिश सिनेमा आज दुसऱ्यांदा बघितला. पहिल्यांदा बघताना जेवत होते, शेवटची पोळी ताटात तशीच राहिली. डुकरं कापायचा कारखाना, नालीतून वाहणारं रक्त, त्या बापाच्या बनियनवर वाळलेली ओकारी. स्वयंपाकघर तर असं की ओट्याला हात टेकवणार नाही कुणी. दिग्दर्शकाला साबणाचं वावडं असावं. पण रविवारी आमच्या चित्रपट मंडळात दाखवायचाय आणि वाचायचा मला आहे, म्हणून पुन्हा बघणं आलं.

आमच्याकडे निम्मी मंडळी खालची इंग्रजी अक्षरं जुळवेपर्यंत पुढचा प्रसंग येऊन उभा राहतो. म्हणून मी माइकवर मराठीत वाचते. आवाज न चढवता, रडं न काढता. इतके इराणी, जपानी, पोलिश लोक सिडकोतल्या त्या हॉलमध्ये माझ्या तोंडून बोलून गेले. शाळेत इंग्रजी शिकवून जे समाधान मिळत नाही ते इथे मिळतं, हे खरं.

गोष्ट साधी. बाप पिऊन येतो, बायकोला मारतो, पोरगा टेबलाखाली बसून ब्रेड खातो. पुढे पोरगा मोठा होतो. बाप खाटेला खिळलेला, बायको कधीचीच निघून गेलेली. पोरगा तिला शोधून आणतो. ती खाटेशी बसते, एक वाक्य बोलते, उठते, चौकटीबाहेर जाते. पडद्यावर नुसता बाप. मग दार वाजतं. संपलं.

ते एक वाक्य मी दुपारभर खोडत बसले. शेवटी ठेवलं ते असं : "मी तुला माफ करायला आले नाही. तू मरतोस का ते बघायला आले."

नंतर हात धुतले. कशाला ते कळलं नाही.

शनि. १०

देवगाव रंगारीहून मोठ्या भाऊजींचा फोन. मामंजींना दवाखान्यातून सोडलं. उजवी बाजू गेलीच. बोलणं कळत नाही. "इथं गावात कोण करणार त्यांचं? तिकडं शहरात डॉक्टर हायत. आन आई हायच."

आई हायच. म्हणजे खाट, बेडपॅन, नर्स, सगळं एका शब्दात आलं.

विलास फोनवर नुसता "व्हय दादा, व्हय दादा" करत होता. वाळूजला कंपनीत एवढी माणसं हाताखाली हाकणारा माझा नवरा, मोठ्या भावाचा फोन आला की सातवीतला होतो. सासूबाई, आमच्या आत्याबाई, आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ऐकू आलं असणारच. घड्या घालत राहिल्या.

इराच्या वेळी माझ्या बाळंतपणाला म्हणून आल्या त्या. इरा आता पुण्याला कॉलेजात आहे. मधल्या काळात दिवाळीला नाही, लग्नाकार्याला नाही, घराच्या वास्तुशांतीलाही सासूबाई परत गावी गेल्या नाहीत. कुणी विचारलं की "नातीचं कोण बघणार" हे ठरलेलं उत्तर. डावा हात कोपरातून सरळ होत नाही त्यांचा. "विहिरीवर पडले," म्हणतात त्या. मी सून होऊन आले तेव्हापासून ती विहीर ऐकतेय. त्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

उद्या भाऊजी इथे येणार, "बसून ठरवू" म्हणायला. उद्याच सिनेमा. मी सुटले, असं मनात आलं. आलं ते आलं.

रवि. ११

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. नाहीतर चार दिवसांनी मीच त्याला साखर लावीन.

हॉलवर पोचले तर अध्यक्ष पाटणकर सर माझे कागद मागायला उभे. वाचले, चष्मा कपाळावर नेला. "ज्योतीताई, बाकी सगळं ठीक. हे शेवटचं काय? घरोघरी आजारी माणसं आहेत. लोक बायकापोरं घेऊन येतात. जाताना तोंडात कडू घेऊन कशाला पाठवायचं?" मी म्हटलं, ती असंच म्हणते. ते म्हणाले, "तिला कुणी इथे विचारायला येणार आहे का?" आणि पेन काढून माझं वाक्य खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं : "झालं गेलं मी विसरले. माफ केलं तुला."

भांडायला हवं होतं. प्रोजेक्टरवाला घाई करत होता, लोक बसत होते. मी कागद घेतले.

तेवढ्यात दारातून आत्याबाई. विलास सोडून गेला म्हणे. भाऊजी घरी येऊन बसलेत आणि त्यांना बाहेर पडायचं होतं, कुठंही. कधी नाही ते मंडळात आल्या. पहिल्या रांगेत, पदर घेऊन, देवळात बसल्यासारख्या.

वाचताना त्या दिसत होत्या. मारहाणीच्या प्रसंगाला हॉलमध्ये चुकचुक, दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या, एका काकांनी मोठ्याने "छी" म्हटलं. आत्याबाई हलल्या नाहीत. डाव्या कोपरावर उजवा हात ठेवून बसल्या होत्या.

शेवट आला. बाई खाटेशी बसली. तिचे ओठ हलले. कागदावर माझं वाक्य खोडलेलं, तरी वाचता येत होतं. वरचं सरांचं. सर शेजारच्याच खुर्चीत. आणि मी सरांचं वाचलं. आवाज सुद्धा जरा ओला काढला. किळस आली स्वतःची, पण ती नंतर. वाचताना छान वाटलं होतं.

मग पोहे आणि आमचा दोन वाक्यांचा नियम : सिनेमा बघितला की प्रत्येकाने उभं राहून दोन वाक्यं बोलायची, सुटका नाही. आजची वाक्यं :

निवृत्त बँकवाले : डुकरं दाखवायची काय गरज होती. चतुर्थीचा आदला दिवस आहे याचं तरी भान ठेवायचं. (चतुर्थी उद्या नाही परवा, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.)

त्यांच्या मिसेस : आपल्याकडे असं नसतं. आपल्याकडे घर बांधून ठेवणारी बाई असते.

एक प्राध्यापक : पाश्चात्त्यांचं कुटुंब कसं कुजलंय ते कळलं. मात्र शेवट आपल्या संस्कृतीच्या जवळ जाणारा.

एक तरुण सून, सासू शेजारी : मला शेवट आवडला. शेवटी बाई ती बाईच.

कुणीतरी विचारलं, ते शेवटी दार कशाचं वाजलं? त्यावर चर्चा. पाणी आणायला गेली असणार, असं ठरलं. प्राध्यापक म्हणाले, औषध. मी पोहे चिवडत होते.

सगळ्यात शेवटी सरांनी आत्याबाईंना आग्रह केला. उठल्या. म्हणाल्या, "तिकडच्या बाईनं बी शेवटाला माफच केलं. मंग बाईला कुठंच सुटका नाय म्हणायची."

टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "वा, किती सहज बोलल्या."

घरी आलो. भाऊजी चहा पीत बसलेले. आत्याबाईंनी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आणा त्यांना. म्या करीन."

भाऊजींना रडूच आलं. विलासने माझ्याकडे बघून मान डोलावली, बघ, किती सोपं झालं, अशी.

सोम. १२

मंडळाच्या ग्रुपवर अभिप्राय थांबायला तयार नाहीत. "किळसवाणा, पण शेवट सुंदर." "असले सिनेमे मुलांना दाखवू नयेत, शेवट मात्र जरूर दाखवावा." सरांनी दोन्ही अंगठे टाकले. "आपल्या वाचिका ज्योतीताईंमुळे शेवट काळजाला भिडला." फुलं, हात जोडलेले, परत फुलं.

फोन पालथा ठेवला.

आत्याबाईंनी आज आपली खोली रिकामी करायला घेतली. तिथे खाट लागणार. स्वतःचं गाठोडं हॉलमध्ये सोफ्यामागे आणून ठेवलं. मी म्हटलं, राहू द्या की, त्यांना हॉलमध्ये ठेवू. "नको. पाव्हणे येतेत." म्हणजे ह्या वयात खोली गेली ती गेलीच.

मंगळ. १३

मधल्या सुट्टीत रिझवानाने धरलं. ती विज्ञान शिकवते, परवा मागे बसली होती, दोन वाक्यं न बोलताच निघून गेली होती. डबा उघडायच्या आधी म्हणाली, "ज्योती मॅडम, नीचे कुछ और लिखा था, तुम कुछ और पढ़े."

मी म्हटलं, सरांनी बदललं.

"माइक सर के हाथ में था क्या?" मग भेंडीची भाजी पुढे सरकवत, "वो औरत मियाँ को मरता देखने आई थी, और तुम उसके हाथ में आरती की थाली पकड़ा दिए."

आधी हसायला आलं. तिला सांगितलं घरी काय झालं ते. आत्याबाई, कोपर, "म्या करीन". तिने डबा बंद केला. "फिर तो नक्को चुप बैठो. आज के आज बोलो."

आज के आज बोलले नाही.

गुरु. १५

विलासला सांगितलं, तो गाडी पुसत होता तेव्हा. शेवटचं वाक्य तसं नव्हतं, असं असं होतं, आत्याबाईंनी ते ऐकून हो म्हटलं.

तो म्हणाला, "सिनेमाचं काय घेऊन बसलीस? आई तिच्या मनानं बोलली." मग थोडं पुसून, "आता परत कशाला उकरायचं? दादानी गाडी ठरवली. रविवारी नाही तर पुढच्या रविवारी आणतोत."

मी विचारलं, विहिरीवर खरंच पडल्या होत्या का?

आरसा पुसत राहिला. एकाच आरशाला किती पुसणार माणूस. "मी लहान होतो," म्हणाला.

दिसायला किती सभ्य आहे हा. मला त्याच्याकडे बघवेना. त्या डॅनिश पोरालाही दिग्दर्शकाने असाच गोरागोमटा घेतलाय.

शुक्र. १६

सांगितलं आत्याबाईंना.

त्या मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि शाळेत धडा सांगावा तसं सगळं सांगितलं. ती बाई माफ करत नाही. मरतोस का ते बघायला आले म्हणते. आणि दार वाजतं ते तिच्या जाण्याचं, पाण्याचं नाही, औषधाचं नाही.

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. मी काहीतरी देतेय असा माझा रुबाब होता. त्या इतक्या चिडल्या की मेथीची जुडी खाली टाकली.

"मंग तू तसं कामून वाचलं?"

सर म्हणाले म्हणून.

"तुह्या सराला म्या वळखत नाय. म्या तुझं ऐकलं. म्हटलं ज्योती वाचतीय, ती शिकलेली हाय, ती खोटं कामून वाचंल." थांबल्या. "रातभर म्या इचार केला व्हता जायच्या आदल्या दिशी. नाय म्हणायचं ठरवून आले व्हते तिथं. पोरांसमोर तोंड उघडना, म्हणून म्हटलं जरा बाहीर बसून येते, मंग येऊन सांगते."

नाही म्हणायचं ठरवून आल्या होत्या.

मी म्हटलं, मग आता सांगा नाही म्हणून. मी बोलते भाऊजींशी.

"आता? टाळ्या वाजल्या ना."

मेथी तशीच ठेवून आत गेल्या, म्हणजे आत कुठे, सोफ्यामागे. मी निवडली. निम्मी काडी भाजीत गेली.

रवि. १८

उस्मानपुऱ्यातून पेशंटची खाट आणली, दांड्याने वरखाली होणारी. विलास आणि खाटवाला दोघांनी जिन्यातून चढवली. शेजारच्या काकू बघायला आल्या. "नशीबवान आहेत हो तुमचे मामंजी. नाहीतर आजकाल कोण करतं." आत्याबाईंच्या हातावर हात ठेवून, "तुमचं पुण्य मोठं." आत्याबाईंनी हात काढून घेतला.

काकू गेल्यावर मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी हाय ना? त्याला बी बोलावलंय का देवगावहून?"

म्हटलं हो, भाऊजी येणारेत, खाटेची जागा बघायला.

"दोघं पोरं बसली की तो पिक्चर लाव. आन खरं वाच."

सोम. १९, शिवजयंती

सकाळपासून चौकात डीजे. भगवे झेंडे, मोटारसायकली, खिडक्यांच्या काचा थरथरतायत. भाऊजी त्यातूनच वाट काढत आले, घामाघूम. विलासने टीव्हीला लॅपटॉप जोडून दिला. कशासाठी ते त्याला कळलं असावं, विचारलं नाही.

भाऊजी म्हणाले, "आईला कधीपसून पिक्चरचा नाद?" आणि हसत सोफ्यावर मांडी घालून बसले.

मी सोफ्याच्या दुसऱ्या कडेला कागद घेऊन बसले. माइक नाही, सर नाहीत. डीजेच्या वर आवाज काढून वाचावं लागत होतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य भांडल्यासारखं निघत होतं. बरंच झालं.

कारखान्याला भाऊजींनी नाक मुरडलं. ओकारीला "काय हे" म्हणाले. मग तो प्रसंग. बाप तिला केसाला धरून ओट्यापासून दारापर्यंत नेतो, आणि कॅमेरा खाली टेबलापाशी, पोरगा ब्रेड चावतोय. विलासने मोबाइल काढला. भाऊजी म्हणाले, "बंद कर ज्योती. किळस येती. हे काय घरात बघायचं असतं का?"

मी लावून ठेवलं तसंच. आत्याबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, डीजेत जेमतेम ऐकू आलं. ऐकू मात्र सगळ्यांना आलं.

"किळस आली? तुम्ही दोघं बघायचा की. जेवत जेवत बघायचा."

भाऊजी म्हणाले, "आई."

"तू तर ताट सरकून घ्यायचा. सांडू नाय म्हणून."

टीव्हीवर ती बाई फरशीवर पडलेली. खाली मिरवणूक पुढे सरकली तसा आवाज कमी झाला आणि घरात ब्रेड चावल्याचा आवाज यायला लागला. विलासचा मोबाइल हातात होता, स्क्रीन काळा झाला होता, तरी त्यातच बघत होता. त्याचे कान लाल झालेले. भाऊजी उठले. वाटलं निघून जातात. पाणी प्यायले, परत बसले. कुठे बसावं ते कळल्यासारखं दिसत नव्हतं, म्हणून खाली फरशीवरच बसले.

"पुढलं वाच गं," आत्याबाई म्हणाल्या.

वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. "मी तुला माफ करायला आले नाही. तू मरतोस का ते बघायला आले." दार वाजलं.

दोन वाक्यांचा नियम इथे नव्हता. भाऊजी चहा न घेता गेले, जाताना दारातून विलासला म्हणाले, "गाडी सांगितलेली हाय मी. ॲडव्हान्स दिलाय."

एवढं होऊन हे. मला इतकी घाण वाटली की मी खाटेला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

बुध. २१

ग्रुपवर खरं वाक्य टाकलं. हेही की मी बदलून वाचलं. सरांचं नाव घेतलं नाही, "सांगण्यावरून" म्हटलं. तेवढाही बुळेपणा राहिलाच.

उत्तरं : "मग तर फारच विकृत." "बरं झालं तुम्ही बदललंत, धन्यवाद." प्राध्यापक : "मुळापेक्षा तुमचा अनुवाद सरस." त्या तरुण सुनेने आधी काही नाही, मग मला एकटीला मेसेज : "मॅडम, ते मूळ वाक्य मराठीत परत पाठवता का? डिलीट झालं माझ्याकडून." पाठवलं.

सर : "पुढच्या महिन्यात आपण हलकंफुलकं काही पाहू."

शनि. २४

आज विलास कामावरून आला आणि हातपाय न धुता आत्याबाईंच्या समोर बसला. मी ओट्याशी. म्हणाला, "आई, तू नाही म्हण. मी सांगतो दादाला."

इतकी वर्षं लागली याला. तरी ऐकून बरं वाटलं, ते का खोटं लिहू.

आत्याबाई म्हणाल्या, "म्या कामून म्हणू? तू म्हण की. तुला तोंड नाय?"

त्याने फोन उचलला, बाल्कनीत गेला. बराच वेळ होता. परत आला तेव्हा म्हणाला, "पहाटे निघतायत म्हणे. सकाळीच पोचतात. वहिनी म्हणाल्या, तुम्ही ठेवणार नाय, मंग रस्त्यावर ठेवू का."

आणि भाऊजी?

"दादानी उचलला. फोन वहिनीकडंच दिला."

रवि. २५

आले. चौघांनी चादरीत घालून वर आणले. मामंजींचं वजन म्हणजे नुसती हाडं. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा दारात उभे राहिले तर उजेड अडायचा. आता तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, लाळ. मला कीव यायला हवी होती. आधी वास आला.

आत्याबाई बाल्कनीत तांदूळ निवडत होत्या. त्यांचं नाव घेतल्यासारखा आवाज मामंजींनी काढला, किंवा तो नुसता आवाज असेल. भाऊजी म्हणाले, "बघ, तुलाच बोलवतेत." आत्याबाई दारापर्यंत आल्या. चौकटीत उभ्या राहून बघितलं. चांगलं बघितलं, वरून खालपर्यंत. परत तांदळाकडे गेल्या.

पेज मी केली. भरवायला विलास बसला. त्याला जमेना, चमचा दातावर आपटतोय, पेज मानेवर. मामंजींनी तोंड मिटून घेतलं. भाऊजी म्हणाले, "तुझ्या हातानं नाय खायचे ते. आईच्या हाताची सवय हाय."

बाल्कनीतून आवाज आला, "मंग उपाशी ठेवा."

भाऊजी खाली गाडीशी जाऊन उभे राहिले. विलासने मामंजींची मान पुसली, दुसरा चमचा भरला. अर्धा गेला आत.

चारला गाडी निघाली. भाऊजी पाया पडायला आत्याबाईंपुढे वाकले, तर त्या सूप घेऊन उठल्या.

आता संध्याकाळ. विलास आत चादर बदलतोय, कसं ते मोबाइलवर बघून. आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "उद्या त्याची कंपनीची पाळी कोणती?"

पहिली.

"तुझी शाळा?"

मी म्हटलं, मी उद्या रजा टाकते. तुम्हाला एकटीला त्यांच्याजवळ ठेवणार नाही.

"उद्या," त्या म्हणाल्या. "आन परवा?"